फ्रीलान्स काम घेताना आणि टीम सांभाळताना बोलण्यातल्या या चुका टाळा

बडोद्यात बसून पुण्या-मुंबईची, लंडनची कामं करणारे आपले बरेच जण आहेत, हातात कला आहे पण क्लायंट दुसऱ्यांदा फिरकत नाही, आणि गडबड बहुतेक वेळा कामात नसतेच, बोलण्यात असते.

सगळ्यात महागात पडते ती फोनवर ठरवून मोकळं होण्याची सवय. क्लायंट जाता जाता म्हणतो, "अजून एक पान टाका ना", आपण "हो टाकतो" म्हणून डिझायनरला तोंडी सांगतो, आणि बिल पाठवलं की "अहो, हे तर त्यातच होतं!" फोन ठेवल्या ठेवल्या मेल टाका: "आत्ता बोलल्याप्रमाणे एक पान वाढलं, त्याचे ५,००० वेगळे, डिलिव्हरी सोमवारऐवजी गुरुवारी. चालेल ना, कळवा." उत्तर येईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. याचा राग येणारा क्लायंट पेमेंटच्या वेळीही रागावणारच होता.

टीमच्या ग्रुपवर "कोणीतरी बघून घ्या रे" टाकलं की कोणीच बघत नाही. नाव घेऊन सांगा, वेळ सांगा, बस.

मग सुट्ट्या. पुण्याचा क्लायंट भाऊबीज झाली की कामाला लागतो, इथले प्रिंटवाले बरेचसे कार्तिकातल्या पंचमीला, म्हणजे लाभपाचमीला, मुहूर्त करूनच शटर उघडतात, आणि १४-१५ जानेवारीला तर अख्खं शहर गच्चीवर पतंग उडवत असतं, हे बाहेरच्याला कसं कळणार? कोटेशनमध्येच लिहा. लंडनवाल्यांशी मार्चअखेर जपून, त्यांचं घड्याळ पुढे जातं आणि साडेपाच तासांचा फरक साडेचार होतो, म्हणून "१० वाजता" लिहिताना कोणाचे १० तेही लिहा.

नवीन काम मागताना स्वतःची आरती ओवाळू नका, "हार्डवर्किंग आहे, पॅशनेट आहे" सगळेच लिहितात. त्याऐवजी "तुमच्या साइटवर मोबाइलमधून ऑर्डरचं बटण दिसतच नाही, आधी ते नीट करू" असं एक वाक्य टाका, निदान साइट उघडून बघितली एवढं तरी समोरच्याला कळतं.

आणि फायनल फाइल पाठवताना तारखेसकट मेल कराच, नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलू नका. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) असेल तर छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे इथल्या क्लायंटला करारात काहीही लिहिलेलं असलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि ते दिवस कधीपासून मोजायचे यावर वाद झाला तर तोच मेल दाखवता येतो.