गाडीची प्लास्टिक टाकी तडकली? या चुका टाळा

सोलापुरातल्या होटगी रोडवरचे एक काका मार्चअखेरीस त्यांची जुनी एमएच-१३ घेऊन गॅरेजात आले. गाडीने पंधरा वर्षं कधीच ओलांडली होती. म्हणाले, "मिस्त्री, मागच्या शिटावर पेट्रोलचा वास येलालाय ओ. खाली वाकून बघितलं तर थेंब नाही." आधी दुसरीकडे दाखवून झालं होतं. तिथे टाकीच्या पोटावरच्या एका ओरखड्यावर दोन कांड्यांची एपॉक्सी पुट्टी मळून थापली होती. मी कडेला नख घातलं, तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी अख्खी पुट्टी हातात आली. खरा तडा होता वर, टाकीतल्या पंपाच्या तोंडाजवळ.

गळती न शोधता इलाज करणं, ही पहिली चूक. टाकी फुल केल्यावर एक-दोन दिवसच वास येतो आणि अर्ध्यावर आली की थांबतो? मग दोष वरच्या बाजूला आहे: पंपाची ओ-रिंग (झाकणाखालचं गोल रबर), वाफेची नळी किंवा तोंडाजवळची चीर. पेट्रोल भरतानाच खाली ओघळ येत असेल तर फिलर पाइपचा रबरी होज बघा. इंधन कमी असतानाही थेंब पडत असेल, तेव्हाच तळावर संशय घ्या. बऱ्याच गाड्यांत मागचं सीट उचललं की पंपाचं झाकण दिसतं. तिथली धूळ पुसा, दहा किलोमीटर चालवून या आणि पुन्हा बघा. कोरड्या धुळीत काळपट ओला डाग जिथून सुरू होतो, तीच जागा. बघायला बॅटरीवरची एलईडी टॉर्च घ्या. वायरचा लोंबता बल्ब नको, तो फुटला तर ठिणगी पडते.

पुट्टी का चिकटत नाही? या टाक्या एचडीपीईच्या असतात, म्हणजे तेलाच्या कॅनचं असतं त्याच जातीचं प्लास्टिक. त्याच्यावर एपॉक्सी, झटपट गोंद काहीच धरत नाही. गाडी वाटेत गळायला लागली तर कपड्याच्या साबणाची वडी चिरेवर घासून घट्ट भरतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून गळती काही वेळ थोपते. पण हा उपाय गॅरेज गाठेपर्यंतचाच, आणि गळत्या गाडीला टोचन करून आणलेलं कधीही बरं.

उष्णता लावू नका

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबतो. बंपर जोडणारी पोरं गरम हवेची गन किंवा सोल्डरिंग घेऊन पाच मिनिटांत टाकीही जोडून देतो म्हणतात. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. त्याची जोडायची कांडी टाकीच्या प्लास्टिकशी एकजीव होत नाही, वरून छान दिसते आणि पहिल्या स्पीड ब्रेकरला सुटते. हे झालं कामाचं नुकसान. जिवाचं वेगळंच आहे.

पेट्रोलपेक्षा त्याची वाफ घातक. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ मिसळली की ती पेट घेते. भरलेल्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही. टाकी रिकामी करून तोंड उघडलं की हवा आत शिरते आणि मिश्रण नेमकं पेटण्याजोगं होतं. म्हणून 'रिकामी आहे, काही होत नाही' हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. साबणाच्या पाण्याने धुतली तरी भरवसा नाही, कारण या प्लास्टिकने वर्षानुवर्षं थोडं पेट्रोल शोषलेलं असतं. गरम केलं की ते पुन्हा वाफ होऊन बाहेर येतं. माझं मत स्पष्ट आहे: चिरलेली टाकी जोडायची नाही, बदलायची.

काढतानाही तेच भान ठेवा. काम मोकळ्या जागेत करा, खड्ड्यात उतरून नको. वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यातच साचते. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नका. एक घोट फुप्फुसात गेला तर थेट दवाखाना.

टाकी तडकलीच का?

हे न विचारता नवी टाकी बसवली, तर तीही जाते. झाकण उघडताना प्रत्येक वेळी जोराने हवा आत ओढली जाते का, बघा. तसं असेल तर कॅनिस्टरची, म्हणजे टाकीतली वाफ धरणाऱ्या कोळशाच्या डब्याची, हवेची वाट धुळीने बुजली आहे. पंप पेट्रोल ओढतो, बदली हवा येत नाही, टाकीच्या भिंती रोज आत खेचल्या जातात आणि कोपऱ्याच्या घडीला तडा जातो. काकांच्या गाडीत हेच झालं होतं. रोज शेतात जाणं, आणि ती कोरडी काळी धूळ. दुसरं कारण टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याखालचं रबर. ते झिजलं की लोखंडी पट्टा प्लास्टिकला घासतो. संरक्षक पत्र्यात अडकलेली खडीही तेच करते.

नवी टाकी मिळाली नाही तर जुन्या बाजारातली चालेल, पण तिच्यावर घड्याळासारखा गोल छाप असतो तो वाचा. त्यात साल आणि महिना असतो. तुमच्या टाकीइतकीच म्हातारी असेल तर घेऊ नका. ओ-रिंग आणि होज मात्र नवेच. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. पंपाचं झाकण धरणारी लॉक रिंग स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीने ठोकू नका, तिचा पाना येतो.

बसवल्यावर लगेच फुल करायची घाई नको. आधी पाच लिटर, खाली कोरडा पुठ्ठा, रात्रभर थांबा. मग अर्धी, मग पूर्ण. पंपावर नोझल एकदा 'टक' करून थांबलं की बस. राउंड फिगरसाठी आणखी भरलं तर पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जातं. शिवाय आपल्याकडचं एप्रिलचं ऊन: सकाळी भरलेलं ४० लिटर पेट्रोल पंधरा अंशांनी तापलं, तर अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं. त्याला जागा लागते.

काढलेली टाकी भंगारवाल्याला देताना तिच्यावर ऑइल पेंटने ठळक लिहा, 'पेट्रोल, कटर लावू नये', आणि तोंडीही सांगा. तिकडे प्लास्टिकचे तुकडे करायला सर्रास ग्राइंडर चालतो.