सायकल ट्रॅक आखताना या चुका टाळा

लातूर, परभणी, जालना ही शहरं अजून सायकलच्या टप्प्यात आहेत. घरापासून शाळा, मोंढा किंवा स्टँड बहुतेकांना चार-पाच किलोमीटरच्या आतच पडतो. तरीही बांधलेला ट्रॅक अनेकदा ओस पडतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा आखणीतच सापडतं.

चुकीच्या माणसांना मोजणं. मोजणी सकाळी अकराला होते, बैठकीला रविवारी लांब फेरी मारणारे हौशी सायकलस्वार येतात आणि ट्रॅक जातो रिंग रोडला. रोज सायकल हाणणारी माणसं वेगळीच असतात. उजाडता उजाडता ट्यूशनला निघालेली पोरं, हँडलला डबा अडकवून कामावर जाणारा गवंडी, मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेल्या आठवी ते बारावीच्या मुली. म्हणून पहाटे साडेपाचपासून मोजा, शाळा सुटताना मोजा, बाजाराच्या दिवशीही मोजा. किती सायकली गेल्या एवढंच लिहून भागत नाही. कुठून कुठे चालल्या ते विचारा. नकाशा त्यातूनच तयार होतो.

चौकाआधी ट्रॅक संपवणं. माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. सरळ रस्त्यावर छान रंगवलेली पट्टी चौकाच्या पन्नास फूट अलीकडे गायब होते आणि नववीतली मुलगी ट्रक, रिक्षा आणि वळणाऱ्या गाड्यांच्या मधोमध एकटी पडते. दुसऱ्या दिवशी घरचे सायकल बंद करतात. मग तुम्ही दहा किलोमीटर ट्रॅक बांधा नाहीतर वीस, तिच्यासाठी तो संपलेलाच असतो.

म्हणून पैसा कमी असेल तर आधी चौक करा. डावीकडे वळणाऱ्या गाड्यांसाठी सोडलेली मोकळी वाट बंद करा आणि कोपरा आवळा, म्हणजे गाडीला वेग कमी करूनच वळावं लागतं. सायकल जिथे रस्ता ओलांडते तो पट्टा फूटपाथच्या उंचीला आणा. यासाठी लगेच टेंडर काढायची गरज नाही. फक्की मारा, वाळूची पोती आणि ड्रम ठेवा, महिनाभर बघा, चुकलं तर सरकवा. पक्कं बांधकाम त्यानंतर.

लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. अशा बाजारपेठेत वेगळ्या ट्रॅकचा हट्ट नको. तिथे गाड्यांचा वेगच ताशी २० किलोमीटरच्या आत आणला की सगळा रस्ता सायकलचा होतो.

काळी माती विसरणं. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेले पेव्हर ब्लॉक वर-खाली होतात, आणि चाकाला असे दणके बसले की माणूस डांबरी रस्त्यावरच उतरतो. माती पुरेशी खोल काढा, मुरूम भरा, पाणी मारून रोलर फिरवा, वर सलग डांबर किंवा काँक्रीट घ्या. नालीच्या ढाप्यांवर ट्रॅक नेऊच नका. जाळी टाळता येत नसेल तर तिच्या फटी चाकाला आडव्या ठेवा.

ऊन. 'आपल्याकडच्या उन्हात कोण सायकल चालवणार?' हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरी तिथे एकमेकांना जोडलेलं साधारण ८० किलोमीटरचं जाळं अवघ्या काही वर्षांत उभं राहिलं आणि लोक सायकलवर आले. आपल्याकडे सावलीची तरतूद ट्रॅकच्या अंदाजपत्रकातच हवी. दक्षिणोत्तर रस्त्यावर पश्चिम कडेला कडुनिंब किंवा करंज लावा आणि पहिले तीन उन्हाळे टँकरने पाणी कोण देणार ते आधीच लिहून घ्या.

दुचाकी घुसतात म्हणून फक्त खांब ठोकणं. खांबांनी कार थांबते, मोटारसायकल नाही. उलट दिशेने कोण येतंय ते बघा. बहुतेकदा दुभाजक पुढे लांबपर्यंत फुटत नाही, म्हणून लोक ट्रॅकमधून शॉर्टकट मारतात. वळायची जागा जवळ दिली की गर्दी हटते.

रुंदीत कंजुषी नको. एका दिशेला स्वच्छ दोन मीटर हवेत, कारण दोन मैत्रिणी बोलत बोलत जोडीनेच जातात.

आणि रस्ता कुणाचा आहे ते पहिल्या दिवशी तपासा. शहरातले कित्येक मोठे रस्ते महानगरपालिकेचे नसून सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा राष्ट्रीय महामार्गाचे असतात. परवानगीबरोबरच रोज झाडणार कोण, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.