दोन चिपचं कार्ड आणि पलीकडची कॉइल

माझ्या टेबलावर आलेलं पहिलं दोन चिपचं ग्राफिक्स कार्ड अर्धं जिवंत होतं. संगणक सुरू व्हायचा, कार्डाचा पंखा फिरायचा, पण दोनपैकी एकच चिप दिसायची. बोर्डदुरुस्ती शिकायला लागून मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. मी हीटसिंक काढला, वाळलेली पेस्ट पुसली, मल्टिमीटर ओहमवर लावला आणि एक टोक ग्राउंडला धरून दुसरं न दिसणाऱ्या चिपशेजारच्या कॉइलवर टेकवलं. चिपला वीज या कॉइलमधूनच मिळते. आकडा आला ०.४. शून्याच्या इतका जवळ म्हणजे शॉर्ट, पुरवठा थेट ग्राउंडला टेकलेला, एवढंच मला ठाऊक होतं. मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, उतरवायचे म्हणून मी हॉट एअर, म्हणजे सोल्डर वितळवणारा गरम हवेचा झोत, तापायला ठेवला.

वरिष्ठ मागे उभे राहून बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पलीकडची कॉइल मोजलीस का?"

मोजली. तिथेही ०.४.

जी चिप व्यवस्थित चालत होती तिचाही आकडा तोच. म्हणजे तो बिघाड नव्हताच. इतक्या मोठ्या चिपमध्ये कोट्यवधी ट्रान्झिस्टर एकाच पुरवठ्यावर समांतर बसलेले असतात, त्यामुळे तिच्या मुख्य पुरवठ्याचा ग्राउंडशी रोध मुळातच एक ओहमच्या आत असू शकतो. मी हॉट एअर बंद केला आणि दोन्ही बाजू ओळीने मोजत गेले. मेमरीच्या पुरवठ्याशी आल्यावर फरक सापडला: चांगल्या बाजूला ४० ओहमच्या आसपास, दुसऱ्या बाजूला एक ओहमसुद्धा नाही. मग बेंच सप्लायवरून, म्हणजे व्होल्टेज आणि करंट ठरवता येणाऱ्या टेबलावरच्या वीजपुरवठ्यावरून, त्या बाजूला एक व्होल्ट दिला. मेमरीला दीड व्होल्ट लागतो, त्याच्या खालीच राहिले, करंटलाही मर्यादा घातली, आणि बोर्डाच्या त्या भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर फिरवला. सगळीकडे ओल चमकत असताना मोहरीपेक्षाही लहान एका सिरॅमिक कपॅसिटरभोवती छोटासा गोल डाग चटकन सुकला. तापत होता तोच, म्हणजे शॉर्ट तिथेच. तो कपॅसिटर उचलला, रोध ४० वर गेला, आणि दुसरी चिप दिसायला लागली.

तेव्हापासून या कामात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सुचवते: सरावासाठी दोन चिपचं जुनं, बंद पडलेलं कार्ड मिळवा. एका चिपच्या कार्डावर एखादा आकडा बरोबर की चूक हे कळायला सर्किटचा आराखडा लागतो, आणि तो सहसा मिळत नाही. दोन चिपच्या कार्डावर तेच सर्किट दोनदा असतं. एक बाजू धड असली की दुसऱ्या बाजूचं उत्तर तिथेच लिहिलेलं असतं. फक्त मांडणी कधी आरशातल्यासारखी उलटी असते, तेवढं भान ठेवा.

आता वीजपुरवठ्याकडे येऊ, कारण नवखे लोक इथेच घाई करतात. पॉवर सप्लायमधून येतात १२ व्होल्ट, चिपला हवा असतो १.१ च्या आसपास. चिप २०० वॉट घेत असेल तर १.१ व्होल्टला तो करंट १८० अँपिअरच्या पुढे जातो. एवढा करंट एका वाटेने नेता येत नाही म्हणून तो फेजमध्ये वाटतात. प्रत्येक फेजमध्ये वरचा मॉसफेट, खालचा मॉसफेट आणि एक कॉइल असते. कंट्रोलर त्यांना पाळीपाळीने चालू-बंद करतो आणि पुढे कपॅसिटर उरलेली लहर सपाट करतात. १२ चे १.१ करायचे तर वरचा मॉसफेट वेळेच्या जेमतेम ९ टक्के चालू असतो, उरलेला सगळा वेळ करंट खालच्यातून वाहतो. म्हणून बऱ्याच बोर्डांवर एका फेजला वर एक मॉसफेट आणि खाली दोन दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं की वरचा एक बसवायचा राहून गेला आहे. कारण कळल्यावर ती मांडणी मला फार आवडली, आजही आवडते.

सहा फेज असतील तर १८० अँपिअरचे प्रत्येकी ३० होतात. त्यातला एक गप्प बसला तर उरलेल्या पाचांवर ३६ येतात. हा फरक किरकोळ वाटतो, पण रोधातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून प्रत्येक फेजमध्ये ती ४४ टक्क्यांनी वाढली. तापलेल्या मॉसफेटचा रोध आणखी चढतो, मग उष्णताही आणखी. कार्ड चालत राहतं आणि आतून भाजत राहतं. चिपचं तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यातलं काहीच दिसत नाही, कारण तो सेन्सर चिपच्या पोटात असतो, मॉसफेटजवळ नाही. बोर्डाच्या मागच्या बाजूला, मॉसफेटच्या नेमक्या पाठीमागे, थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी बारीक तार, चिकटवून दोन्ही बाजू मोजा. आतलं खरं तापमान त्याहून जास्तच असतं, पण दोन बाजूंमध्ये १५-२० अंशांचा फरक पडला तर शोध तिथूनच सुरू करायचा.

बाहेरून येणाऱ्या विजेचा हिशोब तोंडपाठ असावा. कार्ड ज्यात खोचतात तो मदरबोर्डवरचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, सहा पिनांचा कनेक्टर ७५ आणि आठ पिनांचा १५०. २००९ च्या रेडिऑन एचडी ५९७० या दोन चिपच्या कार्डाला सहा आणि आठ पिनांचे कनेक्टर होते, म्हणजे एकूण ३००, आणि कार्डाची मर्यादा होती २९४. त्या मर्यादेत बसवण्यासाठी त्याच्या चिप ७२५ मेगाहर्ट्‌झवर ठेवल्या होत्या. तीच चिप एकेरी कार्डात ८५० वर चालायची. २०११ च्या एचडी ६९९० मध्ये तर एक स्विच होता. तो सरकवला की वेग ८३० वरून ८८० मेगाहर्ट्‌झ व्हायचा, व्होल्टेज १.१२ वरून १.१७५, आणि कार्डाची मर्यादा ३७५ वरून ४५० वॉट. वीज व्होल्टेजच्या वर्गाने आणि वेगाच्या पटीत वाढते, हे धरून वहीत गुणाकार करून बघा: ३७५ चे सुमारे ४३७ होतात. उरलेल्यात गळतीच्या करंटचाही, म्हणजे बंद ट्रान्झिस्टरमधूनही झिरपणाऱ्या करंटचाही, वाटा असतो, तोही व्होल्टेज आणि तापमानाबरोबर वाढतो. कागदावरचं सूत्र आणि हातातलं कार्ड इतकं जुळतं हे पाहून मला त्या दिवशी खरंच भरून आलं होतं.

२०१४ च्या आर९ २९५एक्स२ ने हा हिशोबच ओलांडला. ५०० वॉटचं कार्ड, आणि आठ पिनांचे कनेक्टर फक्त दोन. स्लॉट धरून नियमाने होतात ३७५. म्हणून पॉवर सप्लायकडून प्रत्येक कनेक्टरला २८ अँपिअर मिळतील याची खात्री करायला कंपनीने सांगितलं होतं. आठ पिनांत १२ व्होल्टच्या पिना तीनच असतात, म्हणजे एकेका पिनेला ९ अँपिअरहून जास्त. एकाच केबलच्या दोन शेपट्या अशा कार्डाला लावायच्या नाहीत, दोन स्वतंत्र केबल आणायच्या. कनेक्टर पुरता आत बसला आहे ना, हे बोटाने दाबून बघा. सैल पिनेचा रोध १० मिलिओहम वाढला तरी ९ अँपिअरला जवळजवळ एक वॉट त्या टाचणीएवढ्या जागेत निघतो. प्लास्टिक पिवळं पडायला एवढं पुरतं.

थंड करण्याची गोष्ट वेगळी आहे, कारण इथे दोन बाजू धड असूनही सारख्या नसतात. एचडी ५९७० मध्ये पंखा एका टोकाला होता, त्यामुळे दुसऱ्या चिपपाशी पोचणारी हवा पहिलीने आधीच तापवलेली. मिनिटाला साधारण ८०० लिटर हवेने १५० वॉट उचलले तर ती ९ अंशांच्या आसपास तापते, आणि पुढच्या चिपची सुरुवातच तिथून होते. त्या कार्डात दोन्ही चिपवर मिळून एकच लांब व्हेपर चेंबर, म्हणजे आतल्या वाफेने उष्णता पसरवणारी पोकळ धातूची पेटी, होता, तो हा फरक बराचसा भरून काढायचा. पुढे एचडी ६९९०, जीटीएक्स ५९० आणि ६९० मध्ये पंखा मधोमध आला. दोन्ही चिपना ताजी हवा मिळाली, पण अर्धी गरम हवा मागून बाहेर आणि अर्धी थेट कॅबिनेटच्या आत. असं कार्ड बसवताना कॅबिनेटच्या पुढच्या पंख्यांकडे आधी बघा. २९५एक्स२ मध्ये दोन्ही चिपवरून पाणी एकापाठोपाठ जातं. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल तर २५० वॉट शोषून ते साडेतीन अंशांनीच तापतं, म्हणून पाण्याच्या रांगेत दुसरं असण्याचं फारसं काही वाटत नाही. मॉसफेट आणि मेमरीला मात्र तिथेही पंखाच वारा घालतो. रेडिएटर स्वच्छ आहे म्हणून तो पंखा विसरू नका.

एक चूक माझ्या हातून झालेली आहे, ती तुम्ही टाळा. एका कार्डाचे थर्मल पॅड, म्हणजे मेमरी आणि मॉसफेटची उष्णता हीटसिंकला पोचवणाऱ्या मऊ पट्ट्या, मी बदलले. एका बाजूला एक मिलिमीटरचे लावले, ते संपले म्हणून दुसऱ्या बाजूला दीड मिलिमीटरचे. जाड म्हणजे जास्त चांगलं, असाच माझा समज होता. लोड दिला तर एक चिप ७१ वर आणि दुसरी ९३ वर. हीटसिंक पुन्हा उघडला. चांगल्या चिपवर पेस्ट कडेपर्यंत कागदासारखी पातळ पसरली होती. दुसरीवर मधे जाड ढेकूळ, आणि एका कोपऱ्यात तर मी लावलेली रेघ जशीच्या तशी. जाड पॅडनी हीटसिंक वर उचलून धरला होता, तो चिपवर टेकलाच नव्हता. जुने पॅड फेकण्याआधी त्यांची जाडी व्हर्नियरने मोजायची, तीही न दबलेल्या कडेला, हे मी त्या दिवसापासून पाळते.

अभ्यास कुठून सुरू करायचा असं विचारतात. ओहमचा नियम हातात मुरलेला हवा, बक कन्व्हर्टर, म्हणजे वर सांगितलेलं १२ चे १.१ व्होल्ट करणारं सर्किट, कागदावर काढता यायला हवा, आणि एका वॉटला किती अंश चढतात हा हिशोब जमायला हवा. बाकीचं टेबलावर येतं. आज घरगुती वापराची दोन चिपची नवी कार्डं निघत नाहीत, मग हे का शिकायचं, हाही प्रश्न येतो. २०२५ चं आरटीएक्स ५०९० एकाच चिपवर ५७५ वॉट घेतं, म्हणजे दोन चिपच्या २९५एक्स२ पेक्षाही जास्त. फेज तेच, कनेक्टरची काळजी तीच. फक्त ताडून बघायला शेजारी दुसरी बाजू नाही.

माझी वही अजूनही दोन रकान्यांची आहे: डावीकडे धड बाजू, उजवीकडे बिघडलेली. आधी प्रत्येक पुरवठ्याचा रोध, मीटरची टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करून. मग वीज दिल्यावरचं व्होल्टेज, शेवटी तापमान. कुठला कनेक्टर कुठल्या बाजूला जातो हेही मीटर लावून लिहायचं, कारण काही कार्डांत एकेक बाजू एकेका कनेक्टरवर असते आणि काहींत तसं नसतं. दोन्ही रकाने जुळले आणि तरीही चिप दिसत नसेल, तर मी दोन चिपच्या मधल्या ब्रिजकडे वळते. स्लॉटमधून येणारा डेटा तोच दोघींना वाटतो आणि त्याचा स्वतःचा छोटा पुरवठा असतो. कार्डावर तो एकच असल्यामुळे ताडून बघायला काही नसतं. तिथे मी सगळ्यात सावकाश मोजते.