पहिल्या नजरेत लिंग कसे ठरते : पारलिंगी व्यक्तींसाठी काही व्यावहारिक सूचना

अनोळखी माणूस आपल्याला स्त्री समजतो की पुरुष, हे तो विचार करून ठरवत नाही. केस, चेहरा, बांधा, चाल आणि आवाज यांचा एकत्रित ठसा क्षणात उमटतो, आणि एकदा तो उमटला की नंतर दिसणाऱ्या खुणाही त्याच्याशी जुळवून घेतल्या जातात. आपण कोण आहोत हे या ठशावर अवलंबून नसते, आणि तो बदलावा असे प्रत्येकाला वाटतेच असेही नाही. ज्यांना वाटते त्यांनी सगळ्याच खुणांच्या मागे न लागता गल्लत नेमकी कोठे होते ते आधी शोधावे. त्यासाठी विश्वासातल्या व्यक्तीकडून आपले सहज वागणे-बोलणे चित्रित करून घ्यावे, कारण आरशासमोर आपण सावध असतो.

चेहऱ्यात केशरचना, भुवया आणि दाढीची छटा यांना मोठे वजन असते. दाढीचे केस काढण्यासाठी लेझर वापरतात, पण तो गडद केसांवरच चालतो. पांढऱ्या केसांसाठी इलेक्ट्रोलिसिसच (बारीक सुईने विजेचा प्रवाह देऊन केसाचे मूळ नष्ट करणे) करावे लागते. छाती सपाट दिसावी म्हणून ट्रान्स पुरुषांनी (जन्मतः स्त्री मानल्या गेलेल्या पुरुषांनी) मापाचा बाइंडर, म्हणजे छाती दाबून धरणारे घट्ट अंतर्वस्त्र, वापरावा, बँडेज आवळून बांधू नये आणि झोपताना बाइंडर काढून ठेवावा. कपडे वयाला आणि प्रसंगाला साजेसे असले की पुरे. अति नटण्याने नजरा उलट अधिक वेळ खिळतात.

खरी कसोटी आवाजाची, कारण फोनवर दुसरे काहीच मदतीला नसते. प्रौढ पुरुषांचा आवाज साधारण 100 ते 130 हर्ट्झच्या आणि स्त्रियांचा 180 ते 220 हर्ट्झच्या आसपास असतो. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे स्वरतंतू जाड होऊन आवाज खाली येतो, मात्र इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे ते पुन्हा बारीक होत नाहीत; त्यामुळे ट्रान्स स्त्रियांना (जन्मतः पुरुष मानल्या गेलेल्या स्त्रियांना) सराव करावाच लागतो. नुसता स्वर चढवला तर आवाज ओढूनताणून काढल्यासारखा वाटतो, म्हणून त्याचा घुमारा आणि वाक्यातले चढउतार यांवर वाचा-उपचारतज्ज्ञाच्या मदतीने काम करावे आणि घसा दुखू लागताच थांबावे.

मराठीत आणखी एक पेच आहे. ‘मी येतो’ की ‘मी येते’ हे क्रियापदच सांगून टाकते, आणि घाईत किंवा रागात जुनी सवय हमखास तोंडी येते. मनातल्या मनात बोलतानाही नवे रूप वापरावे, म्हणजे ते जिभेवर बसते.

चालीची मात्र फार चिंता करू नये. 1977 मधल्या एका प्रयोगात अंधारात केवळ सांध्यांवरचे प्रकाशबिंदू पाहून लोकांनी चालणाऱ्याचे लिंग निव्वळ अंदाजापेक्षा अधिक वेळा ओळखले खरे, पण चुकाही पुष्कळ केल्या. जाणूनबुजून बदललेल्या चालीपेक्षा सैल खांदे आणि स्थिर नजर अधिक उपयोगी पडतात, कारण अवघडलेपणा दिसला की समोरचा निरखून पाहू लागतो.

कोणी चुकलेच, तर लांबलचक खुलासा न करता “दादा नाही, ताई” इतकेच म्हणावे आणि चाललेल्या बोलण्याकडे वळावे.