पहिल्याच लढाईत पार्टी आडवी होते? पात्रं बनवताना या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या, पात्रं रंगवण्याच्या खेळात पहिल्या लेव्हलची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) गोब्लिनांसमोर (छोट्या राक्षसांसमोर) दोन-तीन फेऱ्यांत आडवी झाली, की लोक फाशांना बोल लावतात, नाहीतर डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला. माझ्या मते ती लढाई बऱ्याचदा आधीच्या आठवड्यातच हरलेली असते. आपल्या नागपुरातल्या जरीपटक्याचा एक, मानेवाड्याचे दोघं, धरमपेठेतली एक अशी मंडळी रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं ठरवतात आणि प्रत्येक जण आपापल्या घरी एकटाच कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) भरतो. रविवारी टेबलावर काय येतं? दोन रोग (इंग्रजीतला Rogue, म्हणजे चोर), एक रेंजर (रानातला शिकारी), एक वॉरलॉक (लांबून जादू करणारा). चौघंही लांबून नाहीतर आडोशाने मारणारे. पुढे उभं कोण राहणार, हे कुणी कुणाला विचारलेलंच नसतं.

इथले आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या फिफ्थ एडिशनचे, म्हणजे २०१४ च्या नियमांचे आहेत. २०२४ च्या पुस्तकात मोठा फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

क्लास मोजत बसू नका, कामं मोजा

"एक फायटर, एक क्लेरिक, एक विझर्ड, एक रोग" हा क्लासचा, म्हणजे पात्रांच्या पेशांचा, साचा (लढवय्या, देवाच्या कृपेने जादू करणारा, शिकलेला जादूगार आणि चोर) फार जुना आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ आणला तेव्हा त्यात तीनच क्लास होते: लढणारा, जादूगार आणि क्लेरिक. चोर आला १९७५ च्या पुरवणीत. पुढे २००८ च्या फोर्थ एडिशनने डिफेंडर (मार झेलणारा), स्ट्रायकर (मोठा घाव घालणारा), लीडर (साथीदारांना सावरणारा), कंट्रोलर (अनेक शत्रूंना अडवणारा) अशी चार कामं उघडच नाव देऊन मांडली. फिफ्थ एडिशनने ती नावं काढून टाकली आणि ते बरंच झालं, कारण आज एकेक क्लास दोन-दोन, तीन-तीन कामं करतो. लाइफ डोमेनचा (जखमा भरण्याच्या शाखेचा) क्लेरिक चेनमेल (साखळ्यांचं चिलखत) आणि ढाल घेऊन उभा राहिला की त्याचा आर्मर क्लास, म्हणजे त्याच्यावर वार बसवायला लागणारा आकडा, १८ होतो. तोच पुढे उभा राहू शकतो, मग फायटर नाही म्हणून रडायचं कारण उरत नाही. (चेनमेलला स्ट्रेंग्थ (ताकद) १३ लागते. कमी असेल तर वेग १० फुटांनी घटतो, हे शीट भरताना हटकून विसरलं जातं.)

म्हणून क्लासची यादी करण्याआधी एका कागदावर कामं लिहा. मार कोण झेलणार? मोठा घाव कोण घालणार? पडलेल्याला कोण उठवणार? एकाच वेळी चार-पाच शत्रूंना कोण अडवणार? लढाईबाहेरही तेवढीच कामं असतात: बोलणी, कुलूप आणि सापळे, जंगलातली वाट, जुन्या लिप्या, रात्रीचा पहारा. प्रत्येक कामापुढे नाव लिहा. पडलेल्याला उठवण्याच्या कामापुढे मात्र दोन नावं हवीत, कारण उठवणाराच पडला तर त्याला कोण उठवणार?

पर्सेप्शन (आसपासचं हेरणं) हे कौशल्य सगळ्यांनी घेतलं आणि इन्व्हेस्टिगेशन (शोध घेऊन अर्थ लावणं) कुणीच घेतलं नाही, अशी शीटं फार दिसतात. ती पाच मिनिटं बोलून टाळता येतात.

"हीलर तू हो" म्हणणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. गटात सगळ्यात शेवटी आलेल्या, बहुतेक वेळा नवख्या माणसाला ऐकावं लागतं, "तू क्लेरिक घे ना बे, कोणीतरी तर पाहिजे." तो विचारतो, "मीच काहून?" त्यावर कुणाकडेही खरं उत्तर नसतं. मग तो बिचारा दर फेरीला इतरांच्या जखमा भरत बसतो आणि चौथ्या रविवारी त्याला घरी काम निघतं.

हे सगळं ज्यासाठी करायचं, तो हिशोबच मुळात जुळत नाही. पहिल्या लेव्हलचा क्युअर वून्ड्स हा जखमा भरणारा स्पेल (मंत्र) एक आठ बाजूंचा फासा अधिक विझडमचा (शहाणपणाच्या गुणाचा) मॉडिफायर, म्हणजे त्या गुणामुळे फाशात मिळवायचा आकडा, इतके हिट पॉइंट (जीव) परत देतो. मॉडिफायर ३ धरला तर सरासरी साडेसात. त्यासाठी अख्खी ॲक्शन (त्या फेरीतली मुख्य कृती) आणि दोनपैकी एक स्लॉट (स्पेल टाकण्याची संधी) जातो. गोब्लिनच्या तलवारीचा एक वार सरासरी साडेपाचचा. दोन वार बसले की ११ गेले. म्हणजे भरण्यापेक्षा गळती जास्त. २०२४ च्या नियमांत हा स्पेल दोन फाशांचा झाला आहे, त्यामुळे तो आता पुष्कळ बरा आहे, पण मूळ मुद्दा तसाच राहतो: एक गोब्लिन लवकर मारणं किंवा झोपवणं हे जखमा भरण्यापेक्षा स्वस्त पडतं.

मग हीलिंग कशासाठी? शून्यावर गेलेल्याला उभं करण्यासाठी. हीलिंग वर्ड हा स्पेल ६० फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये (मुख्य कृतीशिवायच्या छोट्या कृतीत) चालतो, आणि उठायला एक पॉइंटही पुरतो. तो क्लेरिकसोबत बार्ड (गाण्यातून जादू करणारा) आणि ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) यांनाही मिळतो. पॅलाडिनच्या (शपथ घेतलेल्या योद्ध्याच्या) हातात पहिल्या लेव्हलपासून पाच पॉइंटांची शिदोरी असते. हीलिंग पोशन (औषधी काढा) ५० सोन्याच्या नाण्यांना मिळतं. ही वाटणी दोन-तीन जणांत केली की कुणालाही चोवीस तास नर्स व्हावं लागत नाही, आणि क्लेरिक घेणारा तो मनापासून घेतो.

कॉन्स्टिट्यूशनला सावत्र वागणूक

पात्राच्या सहा गुणांना वाटायला ठरलेले सहा आकडे असतात: १५, १४, १३, १२, १०, ८. विझर्ड घेणारे बहुतेक जण १५ इंटेलिजन्सला देतात, १४ डेक्स्टेरिटीला (चपळाईला), मग कॅरिझ्मा छान दिसतो म्हणून १३ तिकडे, आणि कॉन्स्टिट्यूशनला (शरीराच्या काटकपणाला) उरलेले १०. आता गोब्लिनचा एक वार जवळून पाहा. तो सहा बाजूंचा फासा टाकतो आणि त्यात २ मिळवतो. कॉन्स्टिट्यूशन १० असलेल्या विझर्डचे हिट पॉइंट ६. फाशावर ४, ५ किंवा ६ आला की विझर्ड खाली. म्हणजे वार बसला तर निम्म्या वेळा. तेच कॉन्स्टिट्यूशन १४ असेल तर हिट पॉइंट ८, आणि पाडायला गोब्लिनला बरोबर ६ च लागतो. सहांतून एकदा. शीटवरचा एवढासा फरक, पण खेळाडू टेबलावर खेळतोय की बाजूला बसून डेथ सेव्ह (जगतो की मरतो हे ठरवणारे फासे) टाकतोय, हे त्यावर ठरतं.

मॉडिफायर दोन-दोन आकड्यांनी वाढतो. १४ आणि १५ दोन्हींना +२ च मिळतात. म्हणून वंशाचा किंवा बॅकग्राउंडचा (पात्राच्या पूर्वायुष्याचा) +१ विषम आकड्यावर टाका, तरच तो कामी येतो.

कॉन्सन्ट्रेशनची, म्हणजे स्पेल चालू ठेवायला लागणाऱ्या एकाग्रतेची, चूकही इथेच सांगतो. ड्रुइडने फेअरी फायर, एन्टँगल आणि फॉग क्लाउड हे तिन्ही स्पेल घेतले, तर एका वेळी चालणार एकच, कारण तिन्हींना कॉन्सन्ट्रेशन लागतं. एक-दोन स्पेल तरी बिनकॉन्सन्ट्रेशनचे ठेवा.

एकटा लांडगा

"माझ्या पात्राचं कुणी नाही, ते कुणावर विश्वास ठेवत नाही." असं पात्र एक असेल तर डीएम कसंबसं सांभाळतो. तीन असतील तर कथा सरायमधून बाहेरच पडत नाही. आकड्यांचा तोल जमला आणि माणसांचा जमला नाही, तर ती पार्टी नव्हे.

यावर उपाय सोपा आहे आणि आपल्या गावात तर हाताशी आहे. सगळी पात्रं एकाच मोहल्ल्यातली करा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. काळी, पिवळी, आणि सोबत बडगे नावाचे पुतळे. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं गाव रस्त्यावर येतं. तुमच्या काल्पनिक शहरातही असाच सण असू द्या. फायटर बडग्या खांद्यावर घेणारा, बार्ड आरोळ्या रचणारा, विझर्ड कागद-बांबूच्या सांगाड्यावर मंत्र लिहिणारी, रोग त्या गर्दीत खिसे कापणारा, ज्याला फायटरने लहानपणी दोनदा पकडून सोडून दिलं. आणि यंदा मारबत जाळली तरी पीडा गेली नाही. बघा, ओळख झाली, भांडणं झाली, पहिली मोहीमही मिळाली. रोग अजूनही तुसडाच राहू शकतो, पण निदान एका माणसासाठी तो परत फिरेल, एवढं त्याच्या खेळाडूने आधी ठरवावं.

खेळ सुरू झालाय, आता काय?

चालू कॅम्पेनमध्ये (अनेक रविवार चालणाऱ्या खेळात) कमतरता लक्षात आली तर आवडतं पात्र मारून नवं आणायची घाई करू नका. पहिल्या तीन लेव्हलपर्यंत स्पेल, स्किल, अगदी आकडेही मोकळेपणाने बदलू द्यावेत असं माझं ठाम मत आहे. नव्या खेळाडूला काय आवडतं हे खेळल्याशिवाय कळणार कसं? पुढे उभं राहणारा नसेल तर डीएमने पगारी पहारेकरी द्यावा, पण त्याचे फासे खेळाडूंनीच टाकावेत.

डीएमने आपली बाजूही तपासावी. चार गोब्लिन म्हणजे २०० एक्सपी (अनुभवाचे गुण), आणि तीन ते सहा शत्रू असले की हिशोबासाठी त्याची दुप्पट धरतात: ४००. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी ही लढाई २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे थेट 'डेडली' (जीवघेणी) ठरते. दोनच गोब्लिन ठेवले तर १५०, म्हणजे 'ईझी' (सोपी). पार्टी नवी असेल तर दोनपासून सुरू करा आणि उरलेले दोन झाडीमागे ठेवा. गरज वाटली तर ते आवाज ऐकून येतील.

आणि लग्नसराईत कोणी ना कोणी गैरहजर राहणारच. त्या दिवशी कोणतं काम रिकामं पडतंय ते कामांच्या कागदावर बघा. उठवणारा नसेल तर लढाईआधी प्रत्येकाच्या झोळीत एक पोशन पोचेल अशी सोय करा. कुलूप उघडणारी नसेल तर त्या रविवारी तळघराचं दार आधीच कुणीतरी फोडलेलं असू द्या.