पालिकेच्या नवोपक्रम कक्षात रुजू होताना: पहिलं वर्ष

महापालिकेच्या नवोपक्रम कक्षात, म्हणजे खात्यांच्या कामाच्या नव्या पद्धती आधी छोट्या प्रयोगातून आजमावणाऱ्या कक्षात, आलेल्या नव्या माणसाकडे पहिल्याच महिन्यात बहुधा ॲपचा आराखडा मागितला जातो. तो लगेच देऊ नका. एक वॉर्ड आणि एकच तक्रार घ्या, उदाहरणार्थ न उचललेला कचरा. ‘निकाली’ शेरा पडलेल्या पन्नास तक्रारी काढून तक्रारदारांना फोन करा. काम न होताच बंद झालेल्या, एकाच जागेबद्दल अनेकांनी केलेल्या आणि दुसऱ्या खात्याकडे ढकललेल्या तक्रारी वेगळ्या काढा. एवढं न करता डॅशबोर्ड बांधला, तर चुकीचीच माहिती हिरव्या रंगात दिसते.

मग सफाई कामगारांच्या चौकीवर जा, सकाळच्या हजेरीलाच. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मुकादमाला विचारा, कुठली गल्ली रोज मागे राहते आणि का. पाण्याचा विषय असेल तर पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या चावीवाल्याबरोबर एक पूर्ण पाळी फिरा. कुठल्या व्हॉल्व्हनंतर दाब पडतो, हे नकाशाआधी त्याला ठाऊक असतं.

सर्वात जास्त प्रयोग दुहेरी नोंदीमुळे मरतात. मुकादम रजिस्टर भरतो आणि वर मोबाइलवरही तेच टाकतो. लेखापरीक्षणाला रजिस्टर लागतं, म्हणून दमछाक झाली की मोबाइल सुटतो, रजिस्टर राहतं. त्यामुळे प्रयोग सुरू होण्याआधीच लेखा विभागाशी बोला. प्रयोगापुरती मोबाइलची नोंद ग्राह्य धरण्याचं परिपत्रक उपायुक्तांच्या सहीने काढून घ्या. मोबाइलचा पडदा मराठीत हवा, तीनपेक्षा जास्त बटणं नकोत, आणि रेंज नसतानाही नोंद साठली पाहिजे.

प्रयोग बारा आठवड्यांचा ठेवा: चार आठवडे नुसती मोजणी, आठ आठवडे बदल. शेजारची एक चौकी जुन्याच पद्धतीने चालू द्या, म्हणजे तुलना करता येते. मे महिन्यातले आकडे जुलैशी ताडू नका. पावसाने तक्रारींचा प्रकारच बदलतो. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. पावसाळ्यात आपत्कालीन नियंत्रण कक्षाला ते आकडे सतत लागतात. तुमच्या आकड्यांनाही असा रोजचा गिऱ्हाईक आहे का, हे आधी तपासा.

फुकट प्रयोग करून देणाऱ्या कंपनीपासून जपून राहा. तिच्याच उपकरणावरून निविदेच्या अटी लिहिल्या तर एकच बोली येते आणि नस्ती (फाइल) मंजुरीविना परत फिरते. अटींत उपकरणाचं नाव नको, काम लिहा: किती मिनिटांत नोंद यावी, माहिती कोणाच्या मालकीची, करार संपल्यावर ती कुठल्या स्वरूपात परत मिळणार.

अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला जातो. खात्यांची मागणी त्याच्या कितीतरी आधी जमते, म्हणून प्रयोगाचे आकडे दिवाळीच्या सुमारास हातात हवेत. मागणी खात्याच्याच लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्याच्या खर्चाच्या सदरात टाका. नवोपक्रम कक्षाच्या नावावर पैसे आले तर खात्याला ते काम परकं वाटतं.

बदल्या होणारच. म्हणून प्रत्येक प्रयोगात त्या खात्यातला एक दुय्यम अभियंता आणि एक लिपिक पहिल्या दिवसापासून घ्या. टिपणी त्यांनीच लिहावी, पासवर्ड पदाच्या नावाने असावेत. शेवटचे दोन आठवडे तुम्ही कशालाही हात न लावता काम त्यांच्याकडून चालवून घ्या. ते जिथे अडेल, ते पान नियमपुस्तिकेत अजून लिहायचं राहिलेलं असतं.