आधी गॅस पेटवा, मग सुरी उचला

रात्रीचा स्वयंपाक रेंगाळतो तो पदार्थामुळे कमी आणि कामांच्या क्रमामुळे जास्त. घरी आल्यावर बहुतेक जण भाज्या काढतात, धुतात, सगळं चिरून वाट्यांमध्ये नीट मांडतात आणि मग गॅसकडे वळतात. तोवर वीसेक मिनिटं गेलेली असतात आणि शिजलेलं काहीच नसतं. चिरणं हे आपलं काम, शिजणं हे विस्तवाचं. दोन्ही एकाच वेळी चालू राहिली तर अर्ध्या-पाऊण तासात चार माणसांचं जेवण होतं.

आमच्याकडे रात्रीचा ओटा माझ्या ताब्यात असतो. जेवायला आम्ही दोघं, सगळं मऊ लागणारी आई आणि तिखटाच्या वासानेही नाक मुरडणारी धाकटी. चौघांसाठी वेगवेगळं रांधायला माझ्यात उत्साह नाही, त्यामुळे मी काय करतो ते सांगतो.

हात धुतले की पहिलं काम तांदूळ आणि डाळ धुऊन शिजायला लावायचं. भाजी बघायचीसुद्धा नाही. डाळ निवडताना थोडा विचार करा. सोललेली मसूर भिजवावी लागत नाही, उघड्या पातेल्यातही १५ ते २० मिनिटांत शिजते. तूर, हरभरा डाळ यांना कुकर बरा. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढला की पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, सगळी घाई त्या वीस अंशांत होते. मात्र शिट्ट्या झाल्यावर दाब आपोआप उतरायला दहा मिनिटं तरी जातात. पाककृती लिहिणारे ती कधीच मोजत नाहीत, तुम्ही मोजा. म्हणून कुकर सगळ्यात आधी.

अख्खे हरभरे आणि राजमा हे आज सुचून आज होणारे पदार्थ नव्हेत. ते आदल्या रात्री भिजत घाला. राजम्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाळाच: भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि दाणे ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन पोट चांगलंच बिघडवतं आणि मंद आचेवर नुसतं कोमट-गरम ठेवल्याने ते जात नाही.

आता सुरी. काय बारीक चिरायचं आणि काय नाही, याचा हिशेब सोपा आहे. तुकड्याची जाडी दुप्पट झाली की उष्णता आतपर्यंत पोचायला दुप्पट नाही, साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून मुठीएवढा अख्खा बटाटा उकडायला अर्धा तास घेतो आणि त्याच्याच एक सेंटीमीटरच्या फोडी आठ-दहा मिनिटांत होतात. बटाटा, गाजर, बीट, फ्लॉवरचे दांडे यांवर सुरी चालवा, त्यांच्यावर घालवलेलं एक मिनिट गॅसवरची पाच मिनिटं वाचवतं. पालक, टोमॅटो, कोबी यांचे मोठे तुकडे चालतात. पालक तर दोन मिनिटांत स्वतःच बसतो, त्याला बारीक चिरत बसणं म्हणजे वेळेची नासाडी. चिकन असेल तर बोटाएवढ्या पट्ट्या करा. सगळ्यात जाड पट्टीच्या मध्यभागी तापमान ७४ अंशांवर गेलं की ते खायला सुरक्षित. थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर ती पट्टी कापून आत कुठे गुलाबी आणि कच्चट राहिलेलं नाही ना, एवढं बघा.

आणि सगळं एकदम चिरू नका. सगळ्यात हट्टी भाजी आधी चिरा, पातेल्यात टाका, झाकण ठेवा, मग पुढची चिरायला घ्या. ती टाकेपर्यंत पहिली अर्धी शिजलेली असते.

कांद्याबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. ‘कांदा तपकिरी होईपर्यंत पाच मिनिटं परता’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याने कांदा बहुधा दुसऱ्याला परतायला दिला होता. पाच-सात मिनिटांत कांदा मऊ होतो, पारदर्शक होतो, बस. न करपता खरा तपकिरी व्हायला अर्धा तास आणि वर थोडा वेळ लागतो, कारण आधी त्यातलं पाणी उडून जावं लागतं. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की रंग लवकर येतो हे खरं, पण कांद्याचा लगदाही होतो. कामाच्या दिवशी पारदर्शक कांद्यावर थांबा. चिरल्याबरोबर मीठ घातलंत तर पाणी सुटून तो लवकर मऊ पडतो. तपकिरी कांदा हवाच असेल तर सुट्टीच्या दिवशी किलोभर परतून फ्रीझरमध्ये टाका. लसूण नेहमी कांद्यानंतर. गरम तेलात त्याला मिनिटभर पुरतं, त्यापुढे तो कडू होतो आणि तो कडवटपणा नंतर कशानेही झाकत नाही.

कढई गच्च भरली की भाज्यांना पाणी सुटतं आणि ते उडेपर्यंत कढईतलं तापमान १०० अंशांवर अडून बसतं. खमंग रंग यायला १४० च्या पुढे जावं लागतं. तेव्हा एकतर दोन वेळा थोडं थोडं परता, नाहीतर परतण्याचा नाद सोडा, सरळ झाकण ठेवून वाफवा. मी आठवड्यातले बरेचसे दिवस वाफवतो. आईलाही तेच सोयीचं पडतं.

चौघांची तोंडं सांभाळायची ती शेवटच्या दोन मिनिटांत. डाळ आणि भाजी तिखटाशिवाय पूर्ण शिजवायची, मीठही बेताचं. धाकटीचं आधी वेगळं काढायचं. आईच्या वाटीत डावभर उकळतं पाणी घालून पळीने घोटायचं. मग छोट्या कढल्यात तेल तापवून त्यात लसूण आणि लाल मिरची टाकायची आणि ती फोडणी उरलेल्यावर ओतायची. भांडं एक, चवी तीन. आधीच मिरची घातलेली डाळ पाणी ओतून सौम्य करता येत नाही, ती फक्त पांचट होते.

घरात काहीच नाही असं वाटतं त्या दिवसासाठी अंडी. दोन कांदे मऊ करा, चार पिकलेले टोमॅटो फोडी करून घाला, मीठ टाका, झाकण ठेवून दहा मिनिटं शिजू द्या. रस दाटसर झाला की डावाने सहा खळगे करून प्रत्येकात एक अंडं फोडा आणि मंद आचेवर पुन्हा झाकण. पाच-सहा मिनिटांत पांढरं घट्ट आणि बलक ओलसर राहतो. लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याची अंडी आणखी दोन-तीन मिनिटं ठेवून बलकही घट्ट करा. सोबत भात किंवा ब्रेड, जे असेल ते.

रविवारी आठवडाभराचं जेवण डब्यांत भरून ठेवण्याची पद्धत मला जमत नाही. गुरुवारपर्यंत त्या डब्यांकडे बघवत नाही. पण दोन गोष्टी पुढच्यासाठी करून ठेवाव्यात: शिजवलेलं कडधान्य आणि कांदा-टोमॅटोचा शिजवलेला रस. पिशवीत भरून बोटभर जाडीचे सपाट थर करून गोठवा. जाडीचा हिशेब इथेही लागू आहे: सपाट थर पातेल्यात टाकल्यावर थोड्याच वेळात विरघळतो, डब्यात गोठलेला गोळा मात्र सगळ्यांची भूक खवळेपर्यंत गोळाच राहतो.

उरलेला भात दुसऱ्या दिवशीचं अर्धं जेवण असतं, पण त्याला नियम आहे. तांदळात एका जीवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासनतास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. जेवणं झाली की भात ताटात पसरून गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपवा. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकून द्या. वास येत नाही, चवही बरी लागते, ही तपासणी भाताला लागू पडत नाही.